कार्बनच्या रिमला कानस

रिममधून काळी पूड निघायला लागली, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण आपलं काही चुकतंय की काय, याची खात्री करायला मी कानशीचे आणखी तीन हात मारले. खात्री झाली. रिमवर वीतभर जागेत काळे धागे केसांसारखे उभे राहिले होते.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी सांगलीत अण्णांच्या सायकल दुकानात मेकॅनिक होतो. आठवीत शाळा सोडून म्हसवडहून आलो, त्याला तोवर दहा वर्षं झाली होती. पंक्चर काढण्यापासून चाक बांधण्यापर्यंत सगळं अण्णांनी हाताला धरून शिकवलं. दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागाही दिली. ही नोकरी गेली असती तर घरी मेंढरं होती, पण मेंढरांनाही माझ्यावर फारसा भरवसा नव्हता.

चाक होतं सुहास साहेबांचं. ते बँकेत क्लार्क, आणि सुट्टीच्या दिवशी रेसर. त्यांच्या मामेभावानं परदेशातून कार्बनच्या, म्हणजे काळे धागे गमात थिजवून केलेल्या, चाकांची जोडी पाठवली होती. त्या किमतीत तेव्हा एखादी जुनी मोटरसायकल आली असती. पहिल्यांदा चाक हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, याचा काही भाग पार्सलमध्येच राहिला. इतकं हलकं.

या चाकाचा टायर वेगळा असतो. ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते, आणि तो अख्खा टायर रिमवर गमनं चिकटवायचा. पुढच्या चाकाचा टायर फाटला होता. "काच लागली," एवढंच साहेब म्हणाले आणि नवा टायर आणि परदेशी गमची ट्यूब ठेवून गेले. रविवारी त्यांची साताऱ्याला रेस होती. घाट चढायचा आणि उतरायचा.

आता पंक्चरवाल्याचा पहिला धडा असा, की घासल्याशिवाय काही चिकटत नाही. ट्यूब घासायची, मग सोल्युशन लावायचं. मी तो धडा कार्बनला लावला. धागे उभे राहिल्यावर आणखी हुशारी केली. वरून गम चोपडला, टायर बसवला आणि चाक फिरवून बघितलं. सरळ फिरत होतं. झाकली मूठ.

पण दोन दिवस डोळे मिटले की साहेब घाट उतरताना दिसायचे आणि त्यांच्यापुढं माझं वीतभर काम. शुक्रवारी सकाळी अण्णा शटर वर करत होते, तिथंच बोललो.

"अण्णा, त्या चाकाला म्या कानस मारली."

"कार्बनला?"

"आवं, रिमला म्हणून मारली. कार्बन हाय हे नंतर ध्यानात आलं."

अण्णांनी शटर अर्ध्यावरच सोडलं, शेजारच्या बूथवर गेले आणि बँकेत फोन लावला. मला शिवी एकही दिली नाही. ते शिव्या देत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

संध्याकाळी साहेब आले. "किती घासलंस?"

"वीतभर."

"तुझी वीत का माझी?"

मी हात पसरून दाखवला. साहेबांनी माझा हात बघितला आणि खाली बसले.

अण्णा म्हणाले, "मारुती, बाजारात माठ घेताना काय करतोस?"

"वाजवून बघतो."

"मग वाजव की. बघत काय बसलायस?"

मी खिशातला रुपया काढला. घासलेल्या जागेवरून टायर तेवढा उचलला आणि रिमच्या कडेकडेनं रुपया वाजवत गेलो. टण, टण, टण. आवाज खणखणीत. धागे फक्त वरच्या वरच निघाले होते. मला इतका आनंद झाला की मी रुपया खिशात टाकला.

"सगळं चाक वाजव," अण्णा म्हणाले.

पुन्हा रुपया काढला. बरोबर समोरच्या बाजूला, जिथं माझी कानस पोचलीच नव्हती, तिथं आवाज बसला. ओल्या लाकडावर मारल्यासारखा. फडक्यानं पुसलं तर केसाएवढी चीर. अंगठ्यानं दाबलं तर रिम किंचित आत गेली.

अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "साहेब, काच लागली म्हणाला होता."

साहेबांनी चिरेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "आष्ट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरला साइड दिली. खड्डा होता."

"मग बोलला का न्हाई?"

"चाक सरळ फिरत होतं, अण्णा. आणि मामेभावाला काय सांगू? आठ दिवसांत फोडलं म्हणून?"

"उतारावर ब्रेक मारला असता, तर त्याला दवाखान्यातनं सांगायला लागलं असतं."

शनिवारी मी त्यांच्या सायकलला ॲल्युमिनियमचं छत्तीस तारांचं चाक चढवलं. आऊट काढला, म्हणजे चाकाची डुगडुग तारा आवळून घालवली. रविवारी साहेब अकरावे आले. दोष त्यांनी जड चाकाला दिला. पाय त्यांचे स्वतःचे होते, त्यांना कसा देणार?

अण्णांनी मला काढलं नाही. पुढचे सहा महिने मात्र कानस त्यांच्या गल्ल्यात होती आणि मागितली की आधी विचारायचे, "कशाला लावणार?" जोडीतलं मागचं चाक खड्ड्यात गेलं नव्हतं. ते साहेबांनी पुढं बरीच वर्षं चालवलं, अगदी तक्रार न करता.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, एवढे पैसे घालायचे, पण कार्बनचं चाक टिकतं का? मी सांगतो, टिकतं. ॲल्युमिनियमला मार बसला तर ते वाकतं, डुगडुगतं, ब्रेकला घासून कुरकुर करतं. कार्बन मार खाऊन गप्प बसतं आणि वरून सरळ फिरत राहतं. म्हणून ते घेणाऱ्याला मी एवढंच विचारतो, खड्ड्यात गेलात तर येऊन सांगाल का? बरेच जण ॲल्युमिनियम घेऊन जातात.