उकळतं पाणी आणि ताईचे हात

भाओजींचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीला घरी कणीक मळत होते. "तुझी ताई गेली गं," एवढंच म्हणाले. परातीशी तशीच बसून राहिले. दुःख नंतर आलं... आधी भीतीच आली, वर्षभर घरात दबा धरून बसलेली.

नंदाताई, माझी थोरली बहीण, ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. पक्षाघाताने, संधिवाताने हात अधू झालेल्या बायकांना पुन्हा ओट्याशी उभं करायचं, हे तिचं वेड. वर्तकनगरच्या तिच्या बाल्कनीत सदा लाकडाचा भुसा. बटाटा रोवून ठेवायला खिळे मारलेली फळी, जाड मुठीचं उलथणं, एका हाताने फिरेल असं लाटणं. कल्याणच्या एक आजी त्या फळीवर पहिला कांदा चिरून रडायला लागल्या, तर ताई म्हणाली, "कांद्यामुळे रडताय की माझ्यामुळे?"

मग तिच्याच हातातून कप निसटला. पुन्हा निसटला. तपासण्यांत निघालं की स्नायूंना हलवणाऱ्या नसाच मरत चालल्यात. औषध नाही. "पेशंटना सांगायचे, घाबरू नका. किती सहज सांगायचे गं..." ती म्हणाली. ताईला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तरी तिने स्वतःसाठी एक लाकडी झुला केला. त्यात पातेलं ठेवायचं, मनगटाने दांडी दाबली की ते कलून चहा कपात. भाओजी म्हणाले, गार पाण्यावर बघ आधी. ऐकेना. पाणी खळखळत होतं, मी दाराची चौकट घट्ट धरून उभी.

"ताई, नको ना!"

"मध्ये येऊ नकोस. येतंय तोवर करू दे."

दांडी थरथरली, पाणी काठावर आलं... आणि धार बरोब्बर कपात पडली. ती हसली नाही. घामाने भिजलेला चेहरा माझ्याकडे वळवून म्हणाली, "उद्या जमेल का गं?"

काही आठवडे जमलं. मग मनगट गेलं, मग गिळणं, शेवटी श्वास. झुला आता विठ्ठलवाडीच्या एक बाई वापरतात.

परवा वर्तकनगरला गेले होते. स्वयंपाकघरातल्या नळाला ताईने बसवून घेतलेला लांब दांडा भाओजींनी अजून काढलेला नाही. हा आजार आमच्या घराण्यातून आलेला नाही, मला व्हायचा नाही, असं डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलंय. हात धडधाकट आहेत माझे. तरी मी तो नळ कोपरानेच उघडते, ती उघडायची तसा... आणि पाण्याची धार सुरू होईपर्यंत श्वास रोखून धरते.