भाव येईपर्यंत थांबलेले नाना

मामेभावाचा, निलेशचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी वडिलांबरोबर पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. "पप्पा गेले," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "शेअर विकले होते का?" आई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. आपला सख्खा भाऊ गेला हे तिला अजून कळायचं होतं, आणि मी हे विचारत होते. निलेश म्हणाला, "नाही. एकही नाही." मी फोन ठेवला आणि मला रडू आलं नाही, संताप आला. तो अजून पुरता उतरलेला नाही. त्यामुळे हा लेख जरा तिखट वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. गोड लिहिलेलं नानांनाही आवडलं नसतं.

नाना म्हणजे माझे थोरले मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन जळगावात राहत. पण त्यांचं डोकं घडलं ते आमच्या आजोळी, धुळ्याजवळच्या खेड्यात. आजोबा वेचणीचा कापूस लगेच कधी विकत नसत. तो पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवायचे. कापूस घरात आणि माणसं अंगणात, अशी महिनोन् महिने व्यवस्था. अंगाला खाज सुटायची, आजी कुरकुरायची, आणि आजोबा म्हणायचे, भाव येऊ द्या. एका वर्षी भाव खरोखर आला, तोही असा की त्या पैशातून घरावर स्लॅब टाकला गेला. त्या एका वर्षाने आमच्या आजोळचं वाटोळं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या वर्षी ओल लागून कापूस पिवळा पडला, उंदरांनी गाठोडी फोडली, त्या वर्षांच्या गोष्टी घरात कुणी सांगतच नसे. स्लॅबची गोष्ट मात्र प्रत्येक लग्नात व्हायची.

नानांनी शेअर घेतले तेही याच रीतीने. पगारातून थोडे थोडे, नावाजलेल्या कंपन्यांचे, आणि घेतले की संपलं. विकायचं नाही. पंप बनवणारी एक कंपनी तर कधीचीच बंद पडली होती, पण तिचे शेअरही त्यांनी बाळगले होते. मी म्हटलं, "नाना, तिथे आता बाभळी उगवल्यात." तर म्हणाले, "बंद कुठे पडली? शांत शे ती."

मी लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत वाढले. माझ्या लेखी शेअरबाजारात रोज खेळणारा आणि वर्षानुवर्षं धरून बसणारा, दोघे एकाच पंगतीला जेवायला बसलेले. एक घाईघाईने जेवतो, दुसरा सावकाश, एवढाच फरक. हे मी नानांच्या तोंडावर बोलले होते. "भागीदार म्हणवता स्वतःला," मी म्हटलं, "त्या कारखान्यातल्या कामगाराला माहीत आहे का तुम्ही त्याचे मालक आहात ते?" नानांनी शांतपणे सुपारी कातरली. "तुझ्या बापाला विचार, त्याच्या पीएफचे पैसे कुठे कुठे जातात. त्यातले थोडे बाजारात माझ्याच शेजारी बसलेत." घरी येऊन मी वडिलांना विचारलं. त्यांनी विषय बदलला.

पण माणूस सरळ होता, हेही लिहिलं पाहिजे. जळगावात एका मंगल कार्यालयात शेअरबाजाराचे क्लास सुरू झाले होते: सकाळी घ्या, दुपारी विका, संध्याकाळपर्यंत श्रीमंत व्हा. नोकरी नसलेली पोरं बापाकडून फी आणून भरत होती. मी त्यावर पत्रक लिहिलं. नानांनी ते चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "चांगलं आहे, पण शिव्या फार आहेत. आणि ज्यांनी वाचायचं ते आत बसलेत, तू वाटतेस भाजीबाजारात." दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः कार्यालयाच्या दारात उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला पत्रक देऊ लागले. वयस्कर, नीटनेटका माणूस बघून सगळ्यांना वाटलं क्लासचंच माहितीपत्रक असेल. क्लासवाल्याने तर त्यांना चहा पाजला. मग त्याने पत्रक वाचलं. त्या दिवशी निम्मी पोरं पायरीवरून परतली, असं नाना सांगत. मी चारपाच धरते.

निलेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, परतणाऱ्यांत नव्हता. तो आधीच आत होता, आणि रोज मोबाइलवर घेत-विकत होता. त्याची सासुरवाडी चोपड्याची, केळीवाल्यांची. त्यावरून नाना त्याला टोचत: "सासऱ्याची केळी आज कापली की आजच विकावी लागते. तुला वाटतं जगात सगळंच काळं पडतं." निलेश म्हणे, "आणि तुमचा कापूस उंदीर खातात, पप्पा." मामी ताटं वाढताना म्हणायची, "दोन्ही जण भाकर खा, ती गार व्हई राह्यनी." मी हसायचे. तेव्हा ते भांडण हसण्यासारखं होतं.

मग नानांना चालताना धाप लागू लागली. तपासणीच्या दिवशी निलेश पाचोऱ्याला गेला होता, म्हणून मी धुळ्याहून आले. डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं: तीन वाहिन्या चोंदल्यात, बायपास करावी लागेल, उशीर नको. विमा नव्हता. पण शेअर होते, ऑपरेशन होऊन वर उरतील इतके. मी मनात म्हटलं, चला, हा माणूस बरोबर होता, माझी पत्रकं चुकली, माझी हरकत नाही. परतताना रिक्षात म्हटलं, "नाना, उद्याच विकायला सांगू या." नाना बाहेर बघत होते. "बाजार पडलाय. आत्ता विकलं तर तोटा पक्का होतो. दिवाळीपर्यंत येईल भाव."

"डॉक्टर दिवाळीचं बोलले नाहीत."

"डॉक्टरला बाजारातलं काय कळतं?"

मी चिडून म्हटलं, तुमच्या छातीत कापूस भरलेला नाही. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मग नाना हळूच म्हणाले, "अगं, इतकी वर्षं पोराला सांगतोय, पडत्या बाजारात विकू नको. आता मीच विकू?... हसेल तो."

हे होतं खरं कारण. निलेश हसला नसता. त्याला कळलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. पण त्यानेही काय करावं? "पप्पा, तुम्ही नका विकू, मी आठ दिवसांत काढतो ऑपरेशनचे." आणि होते तेही घालवून बसला. एक बाप दिवाळीची वाट बघतोय, एक मुलगा दुपारची. मध्ये ती छाती. आम्ही वर्गणी काढतो म्हटलं, तर नाना म्हणाले, माझ्याकडे आहे की. दिवाळी झाली, भाव आला नाही. दीर्घकाळ थांबा, असं सगळेच शहाणे सांगतात. निरोगी माणसाला सांगायला ते ठीक आहे. पुढे थंडीत, एका सकाळी अंघोळीचं पाणी काढताना नाना गेले.

आणि आता भाव आला आहे. कुणावर चिडायचं?

गेल्या महिन्यात शेअर मामीच्या नावावर झाले. तिचे गुडघे कधीचे गेलेत, भिंत धरून चालते. ती म्हणाली, विकून टाक, गुडघ्याचं करून घेते. मी समोर होते. दिवसाला वीसदा घेणारा-विकणारा निलेश मोबाइल हातात घेऊन बसून राहिला. म्हणाला, "आई, वर चाललाय बाजार. थोडे दिवस थांब, पप्पांची इतक्या वर्षांची..." मी काही बोलणार, तेवढ्यात मामी म्हणाली, "तुना बाप बी हाईच सांगे."

निलेशने मोबाइल मांडीवर ठेवला.

"इकी टाक. आजच. आनि कितला पैसा उनात ते माले सांगू नको."

त्याने विकले. डोळे पुसत विकले.

परवा मामीला भेटून आले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं पुढे. खाली बसायला मनाई आहे आणि घरात उंच, हातवाली खुर्ची एकच, नानांची. ती टीव्हीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली आहे. निलेश बाजाराचे आकडे लावून बसायचा, ते दिसू नयेत म्हणून नानांनीच ती तशी ठेवली होती. मामीची मालिका लागली होती आणि ती पाठमोरी बसून नुसती ऐकत होती. मी म्हटलं, मामी, खुर्ची फिरवून देते.

"राहू दे," ती म्हणाली. "आठून दार दिसस."