मशीन सोपवून निघताना

पुण्याची गाडी वाळूजच्या फाट्यावरूनच जाते. पण फाट्यावर बसायला जागा मिळत नाही, म्हणून अण्णांनी मला स्कूटरवर बसवून उलट्या दिशेला, पार संभाजीनगरच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत नेलं. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाले, "तिकडं काय बी बिघडलं तर सांगत जा. लपवायचं नाय." मी मान हलवली. पाऊण तासाने तीच गाडी आमच्या फाट्यावर आली. आई रस्त्याच्या कडेला पदर सावरत उभी होती. गाडी थांबली नाही. मी जोरजोरात हात हलवला, पण आई भलत्याच खिडकीकडे बघून हात करत होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही जे तिथेच, आमच्या वाळूजकडे राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे हिंजवडीत नाहीतर त्याहून लांब जाऊन बसलात, त्या सगळ्यांना अण्णांचं हे वाक्य साधं वाटेल. बापाने मुलीला सांगायचं ते सांगितलं, एवढंच. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

अण्णा स्वतः गंगापूरकडच्या एका खेड्यातून वाळूजला आले. गावात कापूस होता, ऊस होता, भाऊही चार होते. जीपने तासाभराचं अंतर, पण गावी त्यांच्याविषयी 'तो तिकडं असतो' असंच म्हणत. एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ते पॉवर प्रेसवर कामाला लागले. पत्रा ठेवायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून प्रेस खाली येते आणि पत्र्याला आकार देते. ती प्रेस कधी कधी एकदा पायडल दाबलं तरी दोनदा खाली यायची. आधीच्या पाळीतल्या माणसाला हे ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे रजिस्टरमध्ये नोंद करा, दुरुस्तीवाल्याची वाट बघा, तोवर गेटवरची कंपनीची बस निघून जाणार. तो न सांगता गेला. अण्णांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं त्या दिवशी गेली.

तेव्हापासून अण्णांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. पाळी सुटली की पुढचा माणूस येईपर्यंत मशीनपाशीच थांबायचं. त्याला शेजारी उभं करायचं, मशीन कुठे अडतं, कुठला आवाज नवीन आहे, ते तोंडाने सांगायचं, आणि मगच निघायचं. याला ते 'मशीन सोपवणं' म्हणत. त्यांची बस हमखास चुकायची. जेवण निवलेलं असायचं आणि आई चिडलेली. लहानपणी मला तिचंच बरोबर वाटायचं.

आता माझ्या कारखान्याविषयी. औषधं घरपोच पाठवणाऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. रोज सकाळी साडेदहाला आम्ही चौदा जण कॅमेऱ्यासमोर 'स्टँड-अप' करतो. उभं कोणीच राहत नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय आहे. अडथळा आहे असं कोणी म्हटलंच तर त्याच्यासाठी वेगळी मीटिंग लागते, मीटिंगमधून नवं कार्ड, म्हणजे नवं काम निघतं आणि ते कार्ड पुन्हा आपल्याच गळ्यात पडतं. त्यामुळे महिनाभरात माणूस शहाणा होतो आणि "अडथळा नाही" म्हणायला शिकतो. मी पंधरा दिवसांत शिकले.

काम किती मोठं ते आम्ही तासांत नाही, पॉइंटमध्ये सांगतो. अण्णांनी एकदा फोनवर विचारलं, "एक पॉइंट म्हंजी किती तास?" मी म्हटलं, तसं नसतं. "मंग तुमच्या सायबाला कळतं कसं?" मी म्हटलं, त्यालाही कळत नाही. यावर अण्णांनी विषय बदलून पावसाचं विचारलं.

या सगळ्याहून जास्त छळलं ते तपासणीच्या टूलने. आम्ही कोड लिहिला की ते आपोआप सगळ्या चाचण्या चालवतं. सगळं बरोबर असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल. आमचं टूल चाळीस मिनिटं घ्यायचं आणि मध्येच स्वतःच कोलमडायचं. लाल खूण दिसली की पहिला संशय कोडवर नाही, टूलवर. पुन्हा चालवा, हिरवं होईल. व्हायचंही. दर पंधरवड्याच्या शेवटी काय चुकलं ते सांगायची बैठक असते, रंगीत चिठ्ठ्या लावून. आठ महिने माझी चिठ्ठी एकच होती: टूल बेभरवशाचं आहे. सगळे माना डोलवायचे आणि चिठ्ठी पुढच्या पंधरवड्यात ढकलली जायची.

याच टीममध्ये मागाहून नाझनीन आली. ती संभाजीनगरातल्या शहागंजची. आमच्याकडचं माणूस भेटलं म्हणून मला इतका आनंद झाला की महिनाभरात आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायला लागलो. आमचा करार ठरला: दिवाळीच्या सुट्टीत सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवायची ड्यूटी तिची, ईदला माझी. ती अजून कायम झाली नव्हती. तिची उमेदवारीची मुदत त्या दिवाळीच्या महिन्यातच संपत होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सहा वाजता पंधरवड्याचं काम बंद होणार होतं आणि माझी गाडी त्यानंतर लगेच होती. माझ्या कामाची एक चाचणी अधूनमधून लाल येत होती. एकदा बटण दाबलं की ऑर्डर एकदाच गेली पाहिजे, इतकी साधी चाचणी. मी तीनदा चालवली, दोनदा हिरवी आली. टूलच नालायक, असं म्हणून मी ती चाचणी 'सध्या वगळा' करून टाकली आणि कार्ड 'पूर्ण'च्या रकान्यात सरकवलं. नाझनीन दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिला सांगितलं असतं तर तिने चार प्रश्न विचारले असते, ते रास्त असते आणि माझी गाडी गेली असती. मी तिला नुसतं "चल, येते" म्हटलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उतरत्या दुपारी तिचा फोन आला. ऑर्डरी दोनदा जात होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या दारात एकाच औषधाची दोन-दोन पाकिटं पोचत होती. शेवटचा बदल नाझनीनच्या नावावर होता, त्यामुळे मॅनेजरने गृहीतच धरलं होतं की चूक तिची. "तुझ्याकडे काही होतं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही. माझं सगळं हिरवं होतं."

अण्णा ओसरीवर दारासाठी झेंडूचं तोरण ओवत बसले होते. म्हणाले, "कुणाचा फोन व्हता?"

"मैत्रिणीचा. ऑफिसात गडबड झालीय. ऑर्डरी दोनदा जायल्यात."

"एकदा दाबलं की दोनदा?"

"हो."

त्यांची सुई थांबली. डावा हात त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. "तुला ठावं व्हतं?"

मी टोपलीतला झेंडू उगाच निवडायला लागले. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "त्या माणसाची बी बसच व्हती." मग सुई खाली ठेवून, "पोरगी एकलीच हाय ना तिथं? मंग बसलीस कामून?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन मी लॅपटॉप उघडला आणि चालू असलेल्या कॉलमध्ये शिरले. मॅनेजर नाझनीनला तोच प्रश्न पुन्हा विचारत होता आणि तिचा आवाज बारीक झाला होता. मी मध्येच म्हटलं, चूक माझी आहे. चाचणी लाल येत होती, मी ती बंद केली आणि कुणालाही सांगितलं नाही. मघाशी नाझनीनने विचारलं तेव्हाही खोटं बोलले. कुठे बघायचं ते कळल्यावर बिघाड तासाभरात सापडला. आईने पूजा तोवर थांबवून ठेवली होती.

नाझनीन त्या महिन्यात कायम झाली. माझं टीम लीड व्हायचं जवळपास ठरलं होतं, ते बारगळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जड गेलं ते फ्लॅटवर परतणं. आईने तिच्यासाठी दिलेला चिवड्याचा डबा मी टेबलावर ठेवला. तिने त्याला हात लावला नाही. म्हणाली, "मैं दिनभर अपनाइच कोड छानते बैठी. तू एक लफ्ज बोलती तो क्या होता था?" आठवडाभर आम्ही एका घरात मुक्याने राहिलो. आठव्या दिवशी मी उठले तर डबा अर्धा झाला होता.

ईदला ड्यूटी माझी होती. निघायच्या दिवशी नाझनीन बॅग भरून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि काय काय अर्धवट आहे, कशावर भरवसा ठेवू नये, ते एकेक सांगायला लागली. मी घड्याळ दाखवलं. "जाने दे, दूसरी मिलती," ती म्हणाली. तिची गाडी खरोखर गेली. आता आम्ही दोघी हे नेहमीच करतो. स्टँड-अप चालू आहे, पॉइंट चालू आहेत, टूल अजून कोलमडतं. त्यातलं काही आमच्या हातात नाही.

घर म्हणजे काय, हे पूर्वी मला वाळूजच्या दोन खोल्या आणि ओसरी असं सांगता यायचं. आता अण्णा निवृत्त झालेत आणि रविवारी फोन करतात, तेव्हा "कशी आहेस?" असं विचारतच नाहीत. "काय काय बिघडलंय?" असं विचारतात. मी सांगते. मग ते सांगतात: उजवा गुडघा धरतो, आईला लांबचं अंधुक दिसतं, स्कूटर आता पार स्टँडपर्यंत नेववत नाही. हे सगळं आधीही असणारच, पण आम्ही एकमेकांना "ठीक आहे" म्हणून ठेवून द्यायचो. जिथे 'ठीक आहे' म्हणावं लागत नाही, ते माझं घर.

मागच्या वेळी मी रिक्षा करून एकटीच मध्यवर्ती स्थानकावर गेले. गाडी सुटण्याआधी आईला फोन केला आणि सांगितलं, डावीकडची बाजू, पुढच्या दारापासून चौथी खिडकी, लाल ओढणी बाहेर धरते. फाट्यावर गाडी जराशी हळू झाली. आई बोटाने खिडक्या मोजत होती. चौथीवर तिचं बोट थांबलं आणि तिने थेट माझ्याकडे बघून हात हलवला.