लवकर फेडलेलं कर्ज

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की त्यांची खोली लागायची. खिडकीशी लांब टेबल, टेबलावर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले आणि कोपऱ्यात घासणीचं चाक. दवाखान्यातून हिरड्यांची मापं वर यायची. त्यावरून ते साचा ओतायचे, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचे आणि मग खाली जाऊन म्हाताऱ्या पेशंटच्या तोंडात ते घालून बघायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात घडवून भरतं," हा त्यांचा ठेवणीतला विनोद. नव्या माणसाला तो ऐकावाच लागे.

पेशंटला ते सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट असे आकडे म्हणायला लावायचे. 'स' म्हणताना शीळ वाजली, तर समोरचे दात कागदाच्या जाडीइतके मागे घ्यायचे. त्यांची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की त्या खोलीतल्या स्टुलावर येऊन बसायची. आठ वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "बाबा, दात हलवल्यावर 'स' कसा बदलतो?"

"जीभ कुठे लागते त्यावर असतं ते."

मग ती पोर संध्याकाळभर तोंडात बोट घालून स, श, ष म्हणत घरभर फिरली. तिची आई वैतागली, पण पोरीच्या डोक्यातून ते काही गेलं नाही. बारावीनंतर तिनं ठरवून टाकलं, की ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं. चार वर्षांचा कोर्स होता. परीक्षा दिली आणि तिला प्रवेशही मिळाला.

फीचा कागद घरी आला, तेव्हा कवळीवाल्यांनी तो आपल्या मापात मोजला. एका वर्षाची फी म्हणजे चाळीस कवळ्या. चार वर्षांच्या एकशे साठ. महिन्याला बारा-तेरा कवळ्या होत, त्यात घर चालायचं. म्हणजे कुणाकडून तरी पैसे घेणं आलंच.

आणि पैसे घेणं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा. त्यांच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. वडिलांनी घेतलेले उसने पैसे फिटले नाहीत, तेव्हा सावकाराची माणसं येऊन दुकानातली ती मोठी फिरती खुर्ची भर रस्त्यातून उचलून घेऊन गेली. लोक दारांत उभे राहून बघत होते. वडील मागोमाग थोडे चालले आणि मग थांबले. तेव्हा अकरा वर्षांच्या असलेल्या कवळीवाल्यांनी जो कानाला खडा लावला, तो कायमचा.

कॉलेजच्या मदत कक्षात खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. आवाज बारीक, पण सांगणं नीट. त्या म्हणाल्या, "तुमच्या उत्पन्नाचं पत्र आणलंत, तर अर्धी फी अनुदानातून भागेल. ती परत करायची नसते."

"म्हणजे आम्ही गरीब आहोत असं लिहून द्यायचं?"

"गरीब असं नाही हो. उत्पन्न किती, तेवढंच."

"घडवलेल्या वस्तूचे पैसे घेणारा माणूस आहे मी. फुकटाचं नको."

मुलीनं त्यांच्या बाहीला हळूच हात लावला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"मग सगळ्या फीचं कर्ज घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "हप्ता नोकरी लागल्यावर सुरू होतो. तो पगाराच्या मानानं ठरतो. मुलगी पुढे शिकत राहिली, तर तोवर थांबतो. व्याजाचा दर या ओळीत आहे. काही विचारायचंय?"

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. थांबतो म्हणजे काय, व्याज किती चढतं, हळूहळू फेडलं तर काय बिघडतं. पण मागे रांग होती, आणि लेकीसमोर अडाणी दिसायचं नव्हतं. "समजलं सगळं," असं म्हणून त्यांनी जामीनदाराच्या जागी सही केली.

कर्जाची एवढी धास्ती असलेल्या माणसानं फुकटची मदत नाकारून कर्ज कसं घेतलं, असं कुणी विचारेल. त्यांच्या लेखी मदत घेणं म्हणजे हात पसरणं आणि कर्ज म्हणजे व्यवहार. व्यवहार पुरा केला की मान ताठ. ती लवकरात लवकर ताठ करायची, एवढंच त्यांनी त्या खिडकीशी मनाशी पक्कं केलं.

चार वर्षं मुलगी मन लावून शिकली. शेवटच्या वर्षी तिच्या शिक्षिकेनं तिला बोलावून घेतलं. मुलांच्या हॉस्पिटलात दोन वर्षांचं पुढचं शिक्षण होतं. जागा मोजक्या, विद्यावेतन थोडंसं, पण तिथून बाहेर पडलेल्यांनाच लहान मुलांबरोबर काम करायची परवानगी मिळे. पहिला कोर्स संपल्यापासून तीन वर्षांच्या आत यायचं, असा तिथला नियम होता. मुलगी घरी आली ती जवळजवळ धावतच.

कवळीवाल्यांनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोक्यावर एकशे साठ कवळ्यांचं ओझं घेऊन आणखी शिकणार?"

"बाबा, मी शिकत असेपर्यंत हप्ता थांबतो."

"हप्ता थांबतो. व्याज झोपतं का?"

"व्याज अगदी कमी आहे. तुम्ही तो कागद एकदा वाचा ना."

"कागद मला शिकवू नकोस. कागदापायी माणूस रस्त्यावर आलेला पाहिलाय मी."

आई मध्ये पडली. "अहो, दोनच वर्षं आहेत. तिच्या हाताला चांगलं काम लागेल."

"तीन वर्षांची मुदत आहे ना? तीन वर्षांत कर्ज फेडून टाकू. मग बिनघोर जा म्हणावं. मी नाही म्हणतोय का?"

ऐकायला ते इतकं रास्त वाटलं, की आईला पुढे काही बोलता येईना. मुलगी ताटाकडे बघत बसली. त्या वेळी ती भांडली असती, तर कदाचित ते नमले असते, असं त्यांना पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं. पण ती भांडणारी नव्हती. तिला तसं वाढवलं होतं त्यांनीच.

तिनं श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी धरली. लोकांचे कान तपासायचे, यंत्र बसवून द्यायचं आणि जमलं तर महागडं यंत्र गळ्यात मारायचं. अर्ध्याहून जास्त पगार कर्जात जाई, वर कवळीवाले आपल्याकडचे चार पैसे घालत. अगदी पदरमोड करून. मुलीनं त्या काळात नवा ड्रेस घेतला नाही, की मैत्रिणींबरोबर कुठे गेली नाही. एका मैत्रिणीच्या लग्नाला तिनं तब्येतीचं कारण सांगितलं. भेट काय द्यायची हा प्रश्न होता.

तिसऱ्या वर्षी कवळीवाल्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. पाच महिने मेणावर दात बसवता आला नाही. त्यांची भर थांबली आणि मुदत जवळ आली तेव्हा पंचवीसेक कवळ्यांचं कर्ज राहिलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता अर्ज करते. उरलेलं नंतर फेडीन."

"हत्ती गेला नि शेपूट राहिलं. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुझी ती शिक्षिका ओळखीची आहे ना? तिला सांग, थोडं थांबा म्हणावं."

मुलीनं पत्र लिहिलं. शिक्षिका दुसऱ्या गावी निघून गेली होती. हॉस्पिटलच्या ऑफिसातून दोन ओळींचं उत्तर आलं, की नियमात सवलत नाही. ते पत्र आलं त्या दिवशीही ती दुकानात वेळेवर गेली. सहा महिन्यांनी शेवटचा हप्ता भरला. कर्ज फिटल्याचा कागद घेऊन कवळीवाले घरी आले आणि मायलेकींना म्हणाले, "आता कुणाच्या बापाचं देणं नाही."

"हो," मुलगी म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

पुढे ती त्या दुकानाची व्यवस्थापक झाली. लग्न झालं, वेगळं घर झालं. नवरा पोस्टात होता, समजूतदार होता. चारचौघांत कवळीवाले तिच्याबद्दल अभिमानानं बोलत. मुलगी वेळेला फोन करी, सणासुदीला येऊन हसून बोले. काही बिघडलंय असं दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं नाही.

आठेक वर्षांनी खालच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला. तरुण, बोलघेवडा. एकदा माप द्यायला तो स्वतःच वर आला आणि स्टुलावर टेकला. बोलण्याबोलण्यात कवळीवाल्यांनी मुलीच्या कर्जाची नि नाकारलेल्या अनुदानाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "काका, माझं शिक्षणाचं कर्ज फिटेपर्यंत मी पंचेचाळिशीचा होईन."

कवळीवाल्यांनी घासणीचं चाक थांबवलं. "आणि झोप लागते तुम्हाला?"

"छान लागते. हप्ता माझ्या फोनच्या बिलाएवढा आहे. हातात पैसे आले ते मी खुर्ची नि एक्सरे घेण्यात घातले. ते कर्ज घाईनं फेडलं असतं, तर आज दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करत असतो."

"पण व्याज?"

डॉक्टरनं खिशातून पेन्सिल काढली. टेबलावरच्या प्लास्टरच्या पाकिटाचा कागद ओढला. "तुमच्या मुलीचं किती होतं?"

आकडा अर्थातच कवळीवाल्यांना पाठ होता. दरही आठवत होता. डॉक्टरनं दोन वर्षं थांबून मग बारा वर्षांत फेडलं असतं तर किती गेलं असतं, ते मांडलं. साडेतीन वर्षांत फेडल्यावर किती गेलं, ते मांडलं. वजाबाकी केली. "सगळी घाई करून एवढे वाचले," म्हणाला. "आणि अनुदान घेतलं असतं, तर मुळातच अर्धं. ते का नाही घेतलं?"

कवळीवाल्यांनी पेन्सिल घेतली. आकड्याला एका कवळीच्या किमतीनं भागलं. वीस. दीड महिन्याचं काम. डॉक्टर गेल्यावर त्यांनी तीच वजाबाकी स्वतः दोनदा करून पाहिली. दोन्ही वेळा वीसच.

घरी बायकोला सांगितलं. तिनं हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला आकडे कळत नव्हते. पण पोरीचा चेहरा कळत होता. मीही बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी ते मुलीच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत आत कधी नीट बसले नव्हते. एका बाईची चार वर्षांची मुलगी यंत्र लावायला आली होती. कवळीवाल्यांची लेक तिच्यासमोर जमिनीवर बसली, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, मग त्या चिमुरडीचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि "म" असा लांब सूर काढला. पोरगी आधी दचकली, मग तिचेही ओठ मिटले.

"तुम्हीच शिकवाल का हिला?" तिच्या आईनं विचारलं.

"मला तशी परवानगी नाही. मी फक्त यंत्र बसवते. शिकवणाऱ्यांचा पत्ता देते, तिकडे जा." आणि तिनं ड्रॉवरमधून एक छापील कार्ड काढून दिलं. तसल्या कार्डांचा गठ्ठाच होता आत.

त्या मायलेकी गेल्यावर कवळीवाले म्हणाले, "पोरी, माझं चुकलं."

काय चुकलं, हे तिनं विचारलं नाही. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मला कॉलेजातल्या त्या खिडकीतल्या बाईंना विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "लाज वाटली. आणि ते शेपूट... सहा महिने... वीस कवळ्यांपायी मी..."

"बाबा, मला फार राग होता," ती शांतपणे म्हणाली. "तीन-चार वर्षं होता. तुमच्यावर होता, त्याहून जास्त स्वतःवर. कागद मी वाचला होता. मला सगळं माहीत होतं. तरी मी तुमच्याच मनाप्रमाणे वागले."

"माझ्याकडे थोडे साठवलेले आहेत. आता शिक. सगळं मी भरतो."

"तिथे आता नाही घेत. मुदत गेली ती गेलीच." एवढं म्हणून ती उठली, कारण दाराशी गिऱ्हाईक आलं होतं.

ते वर्ष असंच गेलं. कवळीवाले आठवड्यातून तीनच दिवस काम करू लागले. दवाखान्यातल्या स्वागतिकेच्या मुलाला, समोरच्या शिंप्याच्या भाचीला, ज्याला त्याला ते धरून विचारत, अनुदानाचा अर्ज केलास का, हप्ता थांबण्याची सवलत किती आहे. लोक मागून हसत. त्यांना ते कळत होतं.

मग एका रविवारी सकाळी मुलगी आली आणि चहा घेता घेता तिनं सांगितलं, की पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेल्या मोठ्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवण्याचा एक कोर्स निघालाय, नोकरी सांभाळून करायचा. लहान मुलांसाठी त्यात काही नव्हतं. तिनं प्रवेश घेतला होता.

"फी?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"थोडी अनुदानातून. उरलेलीचं कर्ज काढलं. परवा सही केली."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी म्हटलं होतं ना मी देतो म्हणून?"

"ते पैसे तुमच्या म्हातारपणाचे आहेत. राहू देत."

"किती वर्षांचं आहे?"

"अठरा."

त्यांनी मनात बेरीज केली. "मी नसेन तेव्हा."

"नसाल कदाचित," ती म्हणाली. "जामीनदार लागला नाही, बाबा. हप्ता मीच भरणार आहे. सावकाश."

वर्गात आपल्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान मुलं आहेत, पाठ पटकन होत नाही, असं ती आईला सांगत राहिली. कवळीवाले ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती दुकानातल्या जमिनीवर बसलेली, गळ्यावर चिमुकला हात ठेवून घेतलेली, तशीच येत होती. ते काम आता तिच्या वाट्याला येणार नव्हतं. अठरा वर्षांतही नाही आणि त्यानंतरही नाही.

"जेवून जा," ते म्हणाले.

"आज नको. उद्या परीक्षा आहे," असं म्हणून तिनं पिशवी उचलली. घराच्या जिन्यापर्यंत ते तिच्याबरोबर गेले. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण एवढ्या वर्षांत नको तिथे बोललेले आणि हवं तिथे गप्प राहिलेले त्यांचे शब्द त्यांना आठवत होते. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खालपर्यंत नेऊन दिली.