विलासच्या गाडीतला जनरेटर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी भेटली आणि मध्ये एखादी बिघडलेली वस्तू ठेवली, की ते आपोआप साचतात. आमचे साचले ते एका जनरेटरभोवती. वॉटफर्डला कुणाकडेही जेवायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो जनरेटरचा किस्सा होऊन जाऊ दे!" मग मी सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. शेवटचं मात्र मी गाळतो. आज गाळणार नाही.

आधी माणसं सांगतो. विलास जन्मभर बसच्या डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. त्याच्या दारात चाळिशी ओलांडलेली एक अमेरिकन मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभी असते. शेखर ब्रॅकनेलला आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. मी फार्मासिस्ट, म्हणजे बारीक अक्षरातलं वाचायची खोड असलेला माणूस. आणि आयझॅककाका, वय चौऱ्याऐंशी, मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. मराठी आमच्या तिघांपेक्षा चोख. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणून आमची सगळी कामं रविवारी.

काकांची थोरली बहीण फ्लोराताई कार्डिफच्या एका केअर होममध्ये होत्या. नव्वदी पार केलेल्या, ऑक्सिजनच्या मशीनवर. काका दर महिन्याला ट्रेनने जाऊन त्यांना भेटून यायचे. एक दिवस विलासला उमाळा आला.

"काका, ट्रेन कसली? आपल्या गाडीतून जाऊ. ताईंना दुपारभर समुद्रावर नेऊ. मशीन जनरेटरवर चालेल, वडेसुद्धा तिथेच तळू!"

काकांनी तिथल्या तिथे ताईंना फोन लावला. त्या हो म्हणाल्या. केअर होमनेही सांगितलं की मशीनला वीज असेल तर दुपारभर न्यायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी विलासने जनरेटर चालू करून पाहिला. चार मिनिटं चालला, दोनदा खोकला आणि बंद पडला. मग हूं नाही की चूं नाही!

*

विलासने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक जनरेटरला लावलं, दुसरं कानाला लावलं आणि निकाल दिला. "कार्ब्युरेटर गेला. बाहेरच काढावा लागेल."

शेखर म्हणाला, "आधी रूट कॉज ॲनालिसिस करूया का?"

"रूट कॉज म्हातारपण! पुढे चल."

दुसऱ्या रविवारी शेखरने एक्सेल शीट आणली. जनरेटर उतरवण्याच्या बेचाळीस पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे जबाबदार माणसाचं नाव. काकांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मॉरल सपोर्ट'. काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "हे उभ्याने करायचं की खुर्ची मिळेल?"

*

जनरेटर गाडीच्या पोटाशी चार बोल्टांवर टांगलेला होता आणि चारही गंजून एकजीव झालेले. त्या चार बोल्टांनी आमचे तीन रविवार खाल्ले. विलास गाडीखाली उताणा पडून त्यांची मनधरणी करायचा. "अहो, या ना बाहेर. किती मानपान करायचा तुमचा?" मानपानाने भागलं नाही की पान्याने हाणायचा आणि खास डेपोतल्या शिव्या द्यायचा.

शेजारच्या इंग्रज आजी कुंपणावरून डोकावल्या. "सगळं ठीक आहे ना?"

आयझॅककाका खुर्चीतून उठून अदबीने म्हणाले, "मॅडम, प्रार्थना चालू आहे."

आजींनी हात जोडले आणि आत गेल्या. चौथा बोल्ट शेवटी ग्राइंडरने कापला. त्यात विलासचा अंगठा सोलवटला, पण तो खुशीत होता. निवृत्त झाल्यापासून त्याला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी दोन जॅक लावून आम्ही ते शंभर किलोंचं धूड बोटबोटभर खाली घेतलं. तब्बल दोन तास लागले. जनरेटर लाकडी फळ्यांवर टेकला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. विलासने आतून पेढे आणले. शेजारच्या आजींनाही दोन दिले.

पेढे खाऊन झाल्यावर लक्षात आलं, की जनरेटर गाडीखालून बाहेर येतच नाही! तो उंच आणि गाडीचा पत्रा ठेंगणा.

आम्ही सगळे शेखरकडे पाहायला लागलो. शेखर शीट पाहायला लागला. 'बाहेर ओढणे' ही पायरी अडतिसावी होती. बाहेर कुठून, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"म्हणजे आता घर उचलायचं?" काकांनी विचारलं.

घरच उचललं. गाडीची ती बाजू वीतभर वर घ्यायला आणखी एक रविवार गेला.

*

दुरुस्तीवाल्याचं वर्कशॉप दोन गल्ल्या पलीकडे, चढावर. जनरेटर न्यायचा कशावरून? मंडळाची गणपतीची ट्रॉली माझ्याच गॅरेजमध्ये होती, तीच काढली. पण तिघं तीन वेगवेगळ्या वेळी ढकलायचे, त्यामुळे ट्रॉली जागची हलेना. शेवटी काकांनी काठी वर केली आणि खणखणीत आवाजात आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" म्हणून आम्ही एकदम ढकलली आणि ट्रॉली निघाली. वॉटफर्डच्या भर रस्त्यात, जुलैच्या उन्हात, एका यहुदी आजोबांच्या हुकुमावर आम्ही जनरेटरची मिरवणूक काढली. बसमधल्या लोकांनी फोटो काढले.

वर पोहोचलो तर रविवार म्हणून शटर खाली, आणि शटरवर कागद: कुटुंबासह सुट्टीवर, तीन आठवडे बंद!

"फोन करून विचारलं होतंस ना?" विलासने शेखरला विचारलं.

"मला वाटलं तू केलास."

उतारावर मोरया म्हणायची गरज पडली नाही. ट्रॉली आवरतानाच जीव गेला. जनरेटर माझ्या गॅरेजमध्ये मुक्कामाला आला.

सांगताना मी नेहमी इथे थांबतो. लोक डोळे पुसत ताटावरून उठतात.

*

या सगळ्या काळात काका दर रविवारी संध्याकाळी ताईंना फोन करायचे. "ताई, पुढच्या रविवारी नक्की." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. ते स्वतः मात्र एकदाही कार्डिफला गेले नाहीत.

एकदा मी म्हटलं, "काका, तोवर ट्रेनने जाऊन या की."

त्यांनी विलास कुठे आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरे, तो एवढा राबतोय माझ्यासाठी. मी ट्रेनने गेलो तर त्याला काय वाटेल?"

त्याच आठवड्यात विलास माझ्या दुकानात पाठदुखीची गोळी घ्यायला आला. म्हणाला, "खरं सांगू? कंटाळलो रे. वाकवत नाही आता. पण काका एवढी आस लावून बसलेत, त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि दोघांनाही मान डोलावली. याचं त्याला आणि त्याचं याला सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची. आमच्या घोळक्यात ती रविवारचे पोहे खायला बसलेली असायची.

*

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही, ते.

पेढे वाटले त्याच रविवारची गोष्ट. विलासने मला गाडीचं जुनं माहितीपुस्तक दिलं, कुठल्याशा भागाचा नंबर शोधायला. मी खोडीप्रमाणे बारीक अक्षरातलंही वाचलं. जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. टाकी पावाच्या खाली गेली की त्याला पेट्रोल मिळत नाही. ती सोय मुद्दामच केलेली असते, रानात जनरेटर चालवता चालवता घरी परतण्यापुरतंही पेट्रोल संपू नये म्हणून.

मी पुढच्या सीटवर बसलो, किल्ली अर्धी फिरवली आणि काटा पाहिला. तो तळाला टेकला होता. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं म्हणून विलास टाकी कधी भरायचाच नाही.

सांगायला म्हणून खाली उतरलो. अंगठ्याला फडकं बांधलेला विलास, तोंडात पेढा, काकांना समजावत होता की असला बोल्ट डेपोत दहा वर्षांतून एखादाच निघायचा. काका अगदी कौतुकाने ऐकत होते. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "नंबर सापडला नाही."

वाटलं होतं, दुरुस्तीवाला आठवड्याभरात सांगेलच, मग मी कशाला वाईट होऊ? आठवड्याचे सात आठवडे झाले. सुट्टी संपली, मग त्याच्याकडे रांग होती, मग गणपती आले. मी रोज त्या जनरेटरला वळसा घालून माझी गाडी काढत होतो.

शेवटी दुरुस्तीवाला ट्रकमधून येऊन जनरेटर घेऊन गेला. त्याने त्याला पेट्रोलचा डबा जोडला, बॅटरी लावली, बटण दाबलं. एका दमात चालू! "याला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला.

विलासचा चेहरा पाहवत नव्हता. काकाच म्हणाले, "बघ, तू नुसता बाहेर काढलास तर बरा झाला! हाताला गुण आहे तुझ्या." सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. मला आधीच ठाऊक होतं, हे विलासला अजून माहीत नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल. माफ कर म्हणायला मला इतका उशीर झाला, याची लाज वाटते.

*

जनरेटर परत बसवायचा रविवार ठरला होता. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी कार्डिफहून काकांना फोन आला. ताई गेल्या.

दफन दुसऱ्याच दिवशी, शब्बाथच्या आत. ट्रेनने तीन तास, पण विलास ऐकेना. "नाही. काकांना गाडीतूनच नेणार." त्याने टाकी काठोकाठ भरली. पहाटे आम्ही चौघं निघालो. जनरेटर होता तिथे गाडीच्या पोटाशी नुसती पोकळी होती.

दफनानंतर ताईंचं सामान घ्यायला केअर होममध्ये गेलो. एक वेल्श नर्स बॅग घेऊन खाली आली. तिने खिडकीतून बाहेर उभी असलेली गाडी पाहिली.

"हीच का ती?" तिने विचारलं. "फार ऐकलंय हिच्याबद्दल. दर रविवारी फोन झाला की फ्लोरा मला सांगायची. एक सांगू का? तिला समुद्र मुळीच आवडायचा नाही. वारा लागला की दम लागायचा. मी म्हटलं, भावाला फोन करून सांगू का, की समुद्र राहू दे, तू नेहमीसारखा ट्रेनने ये? दोनदा फोन हातात घेतला मी. दोन्ही वेळा तिने मला थांबवलं."

"का?" विलासने विचारलं.

"म्हणाली, नको नको. ती मुलं माझ्यासाठी एवढी राबताहेत. त्यांना काय वाटेल?"