पट्टीखालचा नंबर

कुठं ग्राइंडरचा आवाज आला की मला अजूनही ती निळी पिकअप दिसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळं आता पुसट होत चाललंय. ही साधी गाडीची केस मात्र डोक्यातून जात नाही. नाव कुणाचं सांगणार नाही. माणसं अजून त्याच भागात राहतात, आणि त्यांचं नाव एकदा आमच्या डायरीत आलं तेवढं पुरे झालं.

मी तेव्हा गंगाखेडकडच्या एका ठाण्यात फौजदार होते. शिपाई म्हणून भरती झालेली बाई मी. पंचनाम्याची भाषा जुने पंचनामे वाचून वाचून शिकले. एका बाजारच्या दिवशी एक भंगारवाला ठाण्यात आला. ओळखीचाच, कधीमधी खबर द्यायचा. पाणी प्याला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "म्याडम, सोनपेठच्या रस्त्याला एका मिस्तरीच्या शेडात जुनी पिकअप उभी करायलेत. चासीवर हातानं नंबर ठोकायला लागलाय. माझ्या डोळ्यानं बघितलं."

चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. त्यावर कंपनीनं ठोकलेला नंबर हीच गाडीची खरी ओळख. चोरीच्या गाडीवाले तो घासून काढतात आणि एखाद्या मेलेल्या गाडीचा नंबर तिथं ठोकतात. मग मेलेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला चालतात. म्हणून खबर ऐकली आणि लगेच डायरीला नोंद घेतली, दोन पंच सोबत घेतले आणि निघाले. पंचांत एक ठाण्यासमोरचा चहावाला होताच. तो आमचा कायमचा पंच, निम्म्या तालुक्याचे गुन्हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ.

शेडात मिस्तरी एकटाच होता. पन्नाशीचा माणूस. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, खाली नट-बोल्टचे पाने आकारानं ओळीत लावलेले. मधोमध ती गाडी. गाडी कसली, लोखंडाची वाकळच होती ती. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्याच कंपनीचा, दारं जुन्या जीपची, मागचा हौदा ट्रॉलीच्या पत्र्यातून बेतलेला. पण सांधे असे जुळवलेले, की चहावाल्यानं दोनदा बोनेटवरून हात फिरवला. मी वाकून बघितलं. पुढं उजव्या अंगाला चासीवर एक जाड पट्टी वेल्ड केलेली, आणि तिच्यावर नंबर. आकडे वाकडेतिकडे, सरळ दिसत होतं की हातानं ठोकलेले.

"हा कुणी ठोकला?"

"मीच ठोकला, म्याडम."

माझा अनुभव असा, की चोर माणूस आधी विचारतो, तुम्हाला सांगितलं कुणी. यानं ते विचारलंच नाही. यानं विचारलं, गाडी नेणार असाल तर सावलीला लावाल का, रंग अजून वला हाय. तिथंच मला वाटलं, हा चोर नसावा. पण पंचांसमोर तो स्वतःच बोलून बसला होता. गाडी ताब्यात घेणं भाग होतं, घेतली. तेवढी लिंबाखाली लावायला सांगितली.

ठाण्यात बसवून जबाब घेतला. गाडी त्याच्या वडिलांची होती. गोदावरीच्या वाळवंटातली टरबुजं भरून ते परभणीच्या बाजारात न्यायचे. वडील गेले आणि गाडी शेडामागं गंजत पडली. नवं सामान परवडणारं नव्हतं, म्हणून यानं भंगारातून मिळेल तो भाग, मिळेल त्या कंपनीचा आणून, घासून-कापून तिला बसवला. चासी मात्र नेमकी नंबराच्या जागी तडकली होती. आधाराला पट्टी मारावी तर नंबर झाकला जाणार.

"मग मी इचार केला," तो म्हणाला, "नंबर दिसला न्हाई तर लोक चोरीची म्हणतील. म्हणून तोच नंबर वरी ठोकला."

चोर ठरू नये म्हणून माणसानं नेमकं तेच केलं होतं जे चोर करतात.

त्यानं वडिलांच्या नावचं गाडीचं आरसी बुक आणून दिलं. नंबर जुळला. पण आमचे वरिष्ठ म्हणाले, "जुळणारच की. बुक बघूनच ठोकलाय ना?" त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. खरा नंबर खाली आहे की नाही, ते पट्टी काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आरटीओचे निरीक्षक आले, त्यांनीही तेच सांगितलं.

मिस्तरीची बायको त्याला ठाण्यात बोलावलं की डबा घेऊन मागोमाग यायची. मोठी तोंडाळ बाई. एकदा मला म्हणाली, "म्याडम, माझी सवत तुमच्या आंगणात आणून ठिवली, बरं झालं म्हणले असते. पर तिच्यापायी लोक मालकाला चोर म्हणायलेत. शेडाकडं कुणी गाडी आणंना." असं म्हणून पदरानं गाडीच्या काचेवरची धूळ पुसली.

त्याच दिवशी मिस्तरी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, काढा पट्टी.

"काढली तर चासी राहील का?"

"न्हाई राहत. पार खाल्लेली हाय. एकदा जोडलं ते धरलं, दुसऱ्यांदा वेल्डिंग धरणार न्हाई."

मी म्हटलं, मग दुसरी चासी टाका की. तो हसला.

"इंजिन दुसऱ्याचं, दारं दुसऱ्याची. माझ्या बापाची तेवढी चासीच हाय त्याच्यात. ती बी बदलली तर गाडी कुणाची म्हणायची?"

"मग थांबू या. मी वर विचारून बघते, दुसरा काही मार्ग निघतो का."

"गाडी धरून बसलो तर नाव जातंय, म्याडम. नाव बी बापाचंच हाय."

ठाण्याच्या आवारात, निरीक्षकांसमोर, पंचांसमोर पट्टी काढली. त्यानं एकच मागणं केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. मी परवानगी दिली. गाडीखाली जॅक लावून तो आडवा झाला आणि ग्राइंडर सुरू केला. वेल्डिंगसोबत खालचा पत्राही पापडासारखा सुटत होता. पट्टी पडली. त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं गंज पुसला. खालून कंपनीचे आकडे वर आले, सरळ, एका ओळीत. निरीक्षकांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी बुकावर बोट ठेवून ताडून बघितला. सगळे जुळले. चहावाला म्हणाला, सुटला गडी. मिस्तरी जॅककडं बघत होता, वर चासी त्याच जागी वाकायला लागली होती.

भंगारवाला फाटकाशी उभा होता. मी बाहेर आले तसा म्हणाला, "मी खोटं सांगितलं न्हवतं, म्याडम." नव्हतंच सांगितलं. या केसमध्ये कुणीच खोटं बोललं नव्हतं.

कोर्टाचा आदेश आला, सुपूर्दनामा झाला आणि गाडी परत दिली. ती चालत आली होती, जाताना ट्रॉलीतून सुट्या भागांत गेली. इंजिन, गिअरबॉक्स, दारं, सगळं त्यानं हळूहळू दुसऱ्यांच्या गाड्यांना बसवलं. गिऱ्हाईक परत यायला लागलं, ते तरी बरं झालं.

नंतर एकदा तो माझ्याकडं आला, कापडात काहीतरी गुंडाळून. गाडीची नोंद बंद करायची तर चासीवरचा नंबराचा तुकडा कापून परभणीला आरटीओत जमा करावा लागतो. तोच तुकडा होता. मी हातात घेतला. हातभर गंजकं लोखंड. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, नोंद राहू द्या तशीच, कोण विचारतंय? वडिलांची एवढीच खूण उरली, घरात ठेवा.

पहिल्यांदाच तो मला ताई म्हणाला.

"नगं ताई. उद्या कुणी बघितलं तर म्हणंल, हा नंबर कुठल्या गाडीचा कापून आणला?"

निर्दोष सुटला, असं आम्ही कागदावर लिहितो आणि फाईल बांधतो. मीही तसंच लिहिलं होतं. माणूस सुटतो म्हणजे कशाकशातून सुटतो, ते मला त्या दिवशी कळलं. त्यानं तुकडा माझ्या हातातून घेतला, पुन्हा कापडात नीट गुंडाळला आणि परभणीच्या एसटीत बसला.