बेटावरचं घमेलं

आमच्या दूध संस्थेनं ऐन दुष्काळात सभासदांची सहल काढली, तीही कोकणातल्या एका बेटावर. गावात टँकरपुढं हंड्यांची लाईन आणि आम्ही निघालो समुद्रावर! मी गाडीत बसेपर्यंत कुरकुरत होतो. सहलीत चौसाळ्याकडच्या एक मावशी होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या सकाळी त्यांनी, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीकडून घमेलं मागून घेतलं. नळाला धो धो पाणी असताना घमेल्यात उभ्यानं अंघोळ केली आणि खाली साठलेलं पाणी बाहेर आणून जास्वंदीला घातलं.

"अहो, इथं पाण्याला तोटा नाही," मालकीण हसत म्हणाली.

"नसंल. पण सवय मोडली तर घरी गेल्यावर काय करू?"

मी हसलो नाही. आमच्या घरीही असंच घमेलं आहे.

मग डॉल्फिन बघायला आम्ही होडीत बसलो. मावशींनी प्यायच्या पाण्याची बाटली पदरात गुंडाळून धरली होती. थोड्या वेळानं एक काळी पाठ वर आली आणि फुस्स करून बुडाली. सगळे ओरडले.

"हे सारखं वर कावून येतंय?" मावशींनी होडीवाल्याला विचारलं.

"श्वास घ्यायला. राहतो पाण्यात, पण हवेसाठी वर यावंच लागतं त्याला."

डॉल्फिन पुन्हा अगदी होडीजवळ वर आला, तशा मावशी काठावरून वाकल्या आणि मायेनं म्हणाल्या,

"घे बाबा, निवांत घे. हितं लाईन न्हाई."